वीस तारीख उलटल्यावर

पत्र असं आहे:

‘इचलकरंजीत आमचं कर सल्ल्याचं आणि हिशेब लिहिण्याचं ऑफिस आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. सूत व्यापारी, सायझिंगवाले (विणण्याआधी सुताला खळ लावणारे), यंत्रमागधारक, थोडी किराणा-हार्डवेअरची दुकानं असे आमचे पक्षकार. माणसं आठ. तिघे पन्नाशीच्या पुढचे, वडिलांच्या वेळचे. बाकीची मुलं-मुली बी.कॉम. होऊन येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि पुणं गाठतात. दर थोड्या दिवसांनी सरकारच्या कर-पोर्टलवर काहीतरी नवं येतं, नाहीतर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, आणि प्रत्येक वेळी आमचा गोंधळ ठरलेला. मागच्या वर्षी ट्रेनर बोलावून शनिवार-रविवार दोन दिवस प्रशिक्षण घेतलं. हॉल, प्रोजेक्टर, जेवण, सगळं केलं. सोमवारी सगळे पहिल्यासारखेच. सगळं येणारी एक मुलगी होती, जो तो तिलाच विचारायचा. ती दिवाळीनंतर सोडून गेली. सर्वांत जुने काका अजून कागदावर लिहून देतात आणि पोरांकडून एंट्री करून घेतात. त्यांना निरोप द्यावा का, असं मनात येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. त्यात आता सगळे म्हणतात, एआय आणा. या सगळ्याबरोबर माणसांना चालतं कसं ठेवायचं?’

– एक करसल्लागार, इचलकरंजी

ताई,

आधी काकांचं बघू, कारण बाकीची उत्तरं तिथूनच निघतात.

त्यांना निरोप देऊ नका. हे दयेपोटी सांगत नाही. तुमच्या वडिलांच्या वेळचा माणूस म्हणजे विक्रीकराच्या जुन्या कायद्यात कामाला लागलेला. एप्रिल २००५ मध्ये व्हॅट आला, तो त्यांनी शिकून घेतला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तोही शिकले. रोजकीर्द-खतावणी हाताने लिहिण्यापासून ते टॅलीपर्यंत आले. ज्याने तीन कायदे पचवले त्याला ‘नवीन काही जमत नाही’, हा हिशेब जुळत नाही. मग आताच काय अडलं?

मला दोन गोष्टी दिसतात. तेव्हा बदल दहा-बारा वर्षांतून एकदा यायचा, एकदम यायचा, आणि सगळ्यांनाच नवा असायचा. व्हॅट आला तेव्हा तुमचे वडीलसुद्धा पुस्तक उघडून बसले असतील आणि काका शेजारी बसले असतील. न येण्यात कमीपणा नव्हता, कारण कुणालाच येत नव्हतं. आता बदल थेंबाथेंबाने येतो आणि तो आधी कळतो तेवीस वर्षांच्या मुलीला. काकांना शिकायचं तर तिला विचारायचं, तेही सगळ्यांसमोर. ‘काय काका, परवाच तर दाखवलं’ हे वाक्य तुमच्या ऑफिसात कुणीतरी कधीतरी हसत हसत म्हटलेलं असणार. त्यानंतर माणूस कागदावर लिहून देऊ लागतो. कागदावर त्याचा अधिकार शाबूत असतो.

दुसरी गोष्ट फारच साधी आहे, म्हणून कुणी बघत नाही. त्यांचा मॉनिटर किती इंची आहे? पन्नाशीनंतरचा चष्मा लांबचं-जवळचं एकत्र असलेला असतो. एकोणीस इंची जुन्या स्क्रीनवर पोर्टलचा तक्ता वाचायचा तर मान मागे टाकून हनुवटी वर करावी लागते. असं दिवसभर बसणारा माणूस ‘मला जुनंच बरं’ म्हणणारच. आधी मोठा स्क्रीन द्या, अक्षरं मोठी करून द्या. प्रशिक्षणाच्या खर्चापेक्षा हे स्वस्त पडेल.

आता त्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाकडे येते. ते लग्नासारखं झालं. दोन दिवस धामधूम, जेवणावळ, तिसऱ्या दिवशी मांडव सोडला. ट्रेनर वाईट होता असं नाही. पण असे ट्रेनर ‘एबीसी ट्रेडर्स’ नावाच्या कंपनीत पेन आणि पेन्सिली विकून दाखवतात. तुमच्या माणसांपुढे असतं सुताचं बिल, सायझिंगची मजुरी, जॉबवर्कला गेलेला माल, परत आलेली बीमं (सूत गुंडाळलेले रूळ) आणि उधारीत तीन महिने फिरलेली चलनं. पेन्सिलीवर शिकलेलं सुतावर लागू करायचं काम प्रत्येकाने आपापल्या डोक्यात करायचं, आणि ते नेमकं सोमवारी, फोन वाजत असताना. हे कुणालाच जमत नाही.

शिवाय अशा प्रशिक्षणात नवीन काय आलं तेवढंच सांगतात. काय बदललेलं नाही ते कुणी सांगत नाही. २०२० च्या शेवटी टॅलीचं ईआरपी-नाइन जाऊन प्राइम आलं तेव्हाचं आठवा. स्क्रीन उघडला आणि सगळं अनोळखी दिसलं. जुन्या माणसांनी हात वर केले. पण नोंदींच्या शॉर्टकट कळा, एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी, हे जसंच्या तसं होतं. बोटांना जे पाठ होतं त्यातलं बहुतेक तिथंच होतं. बदललं ते क्रेडिट नोट आणि डेबिट नोटसारखं काही: कंट्रोल-एफ-८ जाऊन ऑल्ट-एफ-६, कंट्रोल-एफ-९ जाऊन ऑल्ट-एफ-५. आणि कुठूनही कुठेही जायला ऑल्ट-जी आलं. पहिल्या पाच मिनिटांत कुणी एवढं सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथंच गेली असती. म्हणून यापुढे काहीही शिकवायचं असेल तर सुरुवात ‘हे, हे आणि हे तसंच आहे’ यापासून करा. मग ‘फक्त हे बदललंय’.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. तुम्ही ‘नवं टूल’ म्हणता तेव्हा डोळ्यासमोर बटणं असतात. पण आपल्या धंद्यात बदल बटणाचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकलेलं असतं, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून गोंधळ होतो.

जीएसटीआर-३बीचंच, म्हणजे कर भरायच्या मासिक विवरणपत्राचंच घ्या. इतकी वर्षं पद्धत अशी होती की अकरा तारखेला एकाने जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) भरायचं, त्यात काही राहिलं, चुकलं, तर वीस तारखेला ३बी भरणारा हाताने आकडा दुरुस्त करायचा. अनुभवी माणूस ३बीवर बसवायचा तो यासाठीच. जुलै २०२५ च्या कर-कालावधीपासून विक्रीच्या कराचे आकडे ३बीत आपोआप येतात आणि तिथं बदलता येत नाहीत. काही दुरुस्त करायचं तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममधून. याचा अर्थ काय झाला? वीस तारखेची काळजी अकरा तारखेवर आली. ३बीवर बसलेल्या अनुभवी माणसाला नवं काहीच शिकायचं नाही. शिकायचंय ते जीएसटीआर-१ भरणाऱ्या नव्या मुलाला, की आता त्याच्या मागे कुणी झेलायला उभं नाही. तुम्ही मात्र आठही जणांना हॉलमध्ये बसवून ‘३बीत काय बदललं’ दाखवणार. ज्याला गरज नाही तो जांभया देणार, आणि ज्याला गरज आहे त्याला वाटणार, हे आपलं नाही.

म्हणून कुठलाही बदल आला की पहिला प्रश्न ‘हे कसं चालवायचं’ हा नको. ‘हे कुणाच्या टेबलावर पडतंय’ हा हवा. त्या एक-दोन माणसांनाच शिकवा. बाकीच्यांना दोन ओळी पुरतात.

आयएमएसचंही (इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम) तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून पुरवठादारांची बिलं पोर्टलवर स्वीकारा, नाकारा किंवा प्रलंबित ठेवा, अशी सोय आली. क्लिक करायला शाळकरी पोरालाही येईल. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरून चौदा तारखेच्या २बीत (खरेदीवरच्या कराची वजावट दाखवणाऱ्या विवरणात) येतं, म्हणून बरीच ऑफिसं तिकडे फिरकतच नाहीत. पण नाकारायचं काय? अमुक सूतवाला एकच बिल दोनदा चढवतो. तमुक कारखान्याचा माल परत गेला, पण बिल तसंच आहे. आणि क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची पुरवठादाराची चिठ्ठी) नाकारली तर पुरवठादाराच्या डोक्यावर कर वाढतो, मग त्याचा मुनीम फोनवर तुमच्या पक्षकाराला फैलावर घेतो. हे सगळं कुणाला ठाऊक आहे? काकांना! ज्या मुलीला क्लिक येतं तिला सूतवाला माहीत नाही, आणि ज्या काकांना सूतवाला माहीत आहे ते स्क्रीनसमोर बसत नाहीत. तुमचा खरा प्रश्न हा आहे. दोघांना एका टेबलावर आणलंत की दोघंही शिकतात, आणि कुणी कुणाला शिकवतंय असंही वाटत नाही.

एक नियम मात्र कडक पाळा: शिकणाऱ्याचा हात माउसवर, शिकवणाऱ्याचे हात मागे. चुणचुणीत मुलांना दम निघत नाही. ‘थांबा, मी करून दाखवते’ म्हणतात, खटाखट सहा क्लिक करतात आणि ‘झालं’. समोरच्याने बघितलं, शिकला नाही. तुमची सोडून गेलेली मुलगीही असंच करत असणार. त्यात तिचा दोष नाही. तिला काम उरकायचं होतं आणि शिकवायला वेळ दिलाय असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता वेळेचं. तुमच्या ऑफिसचा महिना सरकारने आधीच आखून दिलाय. सातला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, तेराला तिमाहीवाल्यांची (तीन महिन्यांतून एकदा विवरणपत्र भरणाऱ्यांची) बिलं, चौदाला २बी, पंधराला पीएफ-ईएसआय, वीसला ३बी, तिमाहीवाल्यांची महाराष्ट्रात बावीसला. या काळात शिकवायला बसणं म्हणजे माणसांचा छळ. बावीसनंतर महिनाअखेरपर्यंत जरा श्वास असतो. त्यातल्या दोन दिवशी एकेक तास घ्या. सकाळी दहा ते अकरा, पक्षकारांचे फोन सुरू होण्याआधी. संध्याकाळी नको, तेव्हा सगळ्यांचं लक्ष बसकडे असतं. विवरणपत्रांच्या आणि ऑडिटच्या गर्दीच्या महिन्यांत एकच तास ठेवा, पण बंद करू नका. हा तास पगारी वेळेतला. रविवारी बोलावून शिकवलं तर माणूस शरीराने येतो, एवढंच.

त्या तासात एकच विषय. एका तासात दोन गोष्टी घेतल्या की दोन्ही जातात. आणि डेटा आपल्याच पक्षकाराचा. टॅलीत एखाद्या ओळखीच्या कंपनीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, नावापुढे ‘सराव’ लिहा आणि त्यात हवे ते घोळ घालू द्या. इथं एक धोका आहे, तो आधीच सांगते. त्या कंपनीला ई-इनव्हॉइस (बिल थेट सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची सोय) जोडलेलं असेल तर सरावाच्या कंपनीतूनही खरं बिल पोर्टलवर जाऊ शकतं. ते रद्द करायला चोवीस तास असतात, त्यानंतर क्रेडिट नोटशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा सराव कंपनी उघडल्याबरोबर ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायच्या बिलाच्या) सोयी बंद करा, मगच पोरांच्या ताब्यात द्या.

पोर्टलवर सरावाची अशी मोकळीक नाही. भरलेलं ३बी परत सुधारता येत नाही, त्यामुळे तिथं हात थरथरणं साहजिक आहे. त्या भीतीची थट्टा करू नका. खरं रिटर्न भरतानाच ‘सेव्ह’पर्यंत जायचं, मसुद्याची प्रत उतरवायची, ती टॅलीच्या आकड्यांशी टिकमार्क करून ताडायची आणि मग दुसऱ्याने बघितल्यावर पुढे. नवख्याला तीन-चार महिने असं करू दिलं की भीती आपसूक कमी होते.

सगळंच शिकायला हवं का? मुळीच नाही. आलेल्या बदलांची तुमच्या मनात चाळणी हवी. एक बदल कायद्याचा, तारीख घातलेला. तो टळत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपण सगळ्यांनी अनुभवलं: तीन तारखेला जीएसटी परिषदेचा निर्णय आला, बावीस तारखेपासून नवे दर. सिंथेटिक सूत बारा टक्क्यांवरून पाचवर, सिंथेटिक फायबर अठरावरून पाचवर. इचलकरंजीत ज्यांच्याकडे चाळीस सूतवाल्यांची पुस्तकं आहेत त्यांनी ते एकोणीस दिवस कसे काढले ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक पक्षकाराच्या स्टॉक आयटमवर दर बदलायचा, तोही बावीसपासूनच, आधीच्या बिलांना धक्का न लावता. असल्या बदलासाठी तास राखून ठेवायचा.

दुसरा बदल सॉफ्टवेअर कंपनीचा: नवी आवृत्ती आली, अपडेट करा. याची घाई नको. आधी एकाच मशीनवर, तेही बावीस तारखेनंतर. एक ते वीसच्या दरम्यान कुणीही, कितीही हौसेने, ‘अपडेट नाऊ’ दाबायचं नाही. आणि आधी बॅकअप, कारण नव्या आवृत्तीत रूपांतर झालेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडेलच असं धरून चालू नका.

तिसरा बदल फॅशनचा. डॅशबोर्ड, मोबाइल ॲप, अमुक क्लाउड, तमुक बॉट. विक्रेता गोड बोलतो. त्याला एकच विचारा: यामुळे माझ्या ऑफिसातलं कुठलं काम बंद होईल? ‘बंद काही होणार नाही, पण तुम्हाला सगळं एका जागी दिसेल’ असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

पासवर्डचंही सांगते, कारण हे शिकवण्याने सुटत नाही, मांडणीने सुटतं. बऱ्याच ऑफिसांत ई-वे बिलाचा एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड, तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर. एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपीची दुसरी पायरी सक्तीची झाली. ओटीपी जातो शेठजींच्या फोनवर, शेठजी असतात यंत्रमागावर, तिथल्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, आणि इकडे टेम्पो दारात उभा. यावर उपाय पोर्टलवरच आहे. पक्षकाराच्या मुख्य लॉगिनमधून तुमच्या माणसाच्या नावाने, त्याच्या मोबाइल नंबरवर उपवापरकर्ता तयार करता येतो. ओटीपी मग त्याच्याकडेच येतो. माणूस नोकरी सोडून गेला की तो उपवापरकर्ता त्याच दिवशी बंद करायचा, हे तेवढं विसरू नका. तुमच्या त्या मुलीच्या नंबरवर काय काय जोडलेलं आहे ते या आठवड्यातच तपासा.

तिच्या जाण्याने जी पोकळी झाली ती दुसरी तशीच मुलगी आणून भरू नका. ती आली तरी तीन वर्षांनी पुण्याला जाणार, आणि खुशाल जावी. ज्ञान एका डोक्यात साठलं की ते डोकं बाहेर पडताना घेऊनच जाणार. त्याऐवजी एक वही करा. खरी वही किंवा गूगल डॉक, तुमच्या लोकांना जे आवडेल ते. त्यात लिहायचं कुणी? ज्याला येतं त्याने नाही. जो सर्वांत शेवटी शिकला त्याने. ज्याला येतं तो लिहिताना मधल्या पायऱ्या गाळतो, कारण त्या त्याला पायऱ्या वाटतच नाहीत. नुकता शिकलेला माणूस नेमकं तेच लिहितो जिथं तो अडखळला होता. अशी नोंद वाचायला मजा येते:

‘आयएमएस. लॉगिन झाल्यावर सर्व्हिसेस, मग रिटर्न्स, त्यात आयएमएस डॅशबोर्ड. इनवर्ड सप्लायवर जायचं. बिल दिसलं नाही तर घाबरायचं नाही, वरती प्रकार बदलून बघायचा. पेंडिंग ठेवलेलं पुढच्या महिन्यात परत दिसतं. रिजेक्ट करण्याआधी काकांना विचारणे.’

शेवटचं वाक्य बघा. कुठल्याही कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ते सापडणार नाही. एकच प्रश्न दुसऱ्यांदा कुणी विचारला की तो वहीत गेलाच पाहिजे. शिवाय दर महिन्याला ‘विचारायचा माणूस’ बदला. या महिन्यात पोर्टलचं काही अडलं तर अमक्याला, पुढच्या महिन्यात तमक्याला. ज्याची पाळी असते तो आपोआप वाचून ठेवतो. पाळी असलेल्या महिन्यात त्याच्याकडची दोन-चार फुटकळ कामं दुसऱ्याला द्या, नाहीतर विचारायला आलेल्यावर तो खेकसेल. आणि कुणी राजीनामा दिला तर शेवटच्या महिन्यात नवं काम नको, आहे ते वहीत उतरवून दुसऱ्याच्या हाताने करून घेणं एवढंच काम.

एआयबद्दल लोक तुम्हाला घाबरवतायत, तेवढं मनावर घेऊ नका. पण लांबही राहू नका. तुमच्या ऑफिसात त्याचा उपयोग आजही आहे, आणि तो कंटाळवाण्या जागी आहे. २बी आणि खरेदीची नोंदवही जुळवताना काय होतं? पुरवठादार लिहितो ००१२/२५-२६, तुमचा पोरगा टॅलीत टाकतो नुसतं १२. रक्कम तीच, तारीख तीच, पण एक्सेल म्हणतं जुळत नाही. मग एकजण पट्टी लावून अर्धा दिवस ताडत बसतो. बिल क्रमांकातले शून्य, तिरक्या रेघा आणि वर्ष काढून टाकून जुळवायचं सूत्र लिहून दे, असं एआयला मराठीत सांगितलं तरी ते लिहून देतं. ते बनावट चार ओळींवर तपासायचं आणि मग खऱ्या यादीला लावायचं. नोटिशीच्या उत्तराचा पहिला मसुदा, इंग्रजी परिपत्रकाचा सोप्या मराठीत अर्थ, इथपर्यंत ठीक. पण कलम, अधिसूचना क्रमांक, निकाल हे ते आत्मविश्वासाने चुकीचे देऊ शकतं, म्हणून त्यातला प्रत्येक आकडा मूळ कागदावर बघितल्याशिवाय सही नाही. आणि पक्षकाराचं नाव, पॅन, बँकेचं स्टेटमेंट तिथं चिकटवायचं नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय तो एक भाग, पण त्याहून साधं म्हणजे गावात तोंड दाखवायचंय. हा नियम तोंडी सांगून सोडू नका, वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मुलं आपापल्या फोनवर हे आधीच वापरत असणार. तुम्ही बंदी घातलीत तर फक्त लपून वापरतील.

बातमी कुठून घ्यायची हाही तुमचा प्रश्न असणार, पत्रात लिहिला नसला तरी. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेलं ‘महत्त्वाचे!!’ बघून ऑफिस हलवू नका. दर सोमवारी कुणातरी एकाने जीएसटी पोर्टलवरच्या ताज्या सूचना आणि आयकर पोर्टलवरचं नवीन तेवढं वाचायचं, आपल्या पक्षकारांना लागू असेल ते दोन ओळींत वहीत लिहायचं, पुढे टेबलाचं नाव. लागू नसेल तर तेही लिहायचं, म्हणजे परत कुणी घाबरवलं तर दाखवता येतं. गावातल्या करसल्लागारांच्या संघटनेच्या बैठकींना तुम्ही जात असालच. पुढच्या वेळी एका ज्युनियरला सोबत न्या, जमलं तर प्रत्येक वेळी वेगळ्याला.

आणि त्या तासाला तुम्ही स्वतः बसा. केबिनमध्ये फोनवर बोलत बसून बाहेर प्रशिक्षण चालू ठेवलंत तर लोकांना कळतं की हे महत्त्वाचं नाही. बसा, वही काढा, आणि पहिला बाळबोध प्रश्न तुम्हीच विचारा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मालकीणबाई ‘हे बटण कुठंय म्हणालास?’ विचारते हे बघितलं की काकांचाही आवाज फुटतो.

परीक्षा, गुण, प्रमाणपत्र यातलं काही करू नका. प्रगती बघायची तर एवढंच बघा, की एकोणीस तारखेला कुणीही एक माणूस अचानक रजेवर गेला तर काम चालतं का. आज चालणार नाही. सहा महिन्यांनी काही टेबलांवर चालेल, काहींवर नाही. जिथं चालत नाही तिथं पुढचा तास.

सुरुवात अशी करा. काकांशी बोलताना ‘प्रशिक्षण’ हा शब्द तोंडातून काढू नका. या महिन्याच्या चोवीस-पंचवीसला तुमच्या सर्वांत मोठ्या सूतवाल्याच्या आयएमएसमधली यादी उतरवून घ्या, मोठ्या अक्षरांत छापा आणि त्यांच्यापुढे ठेवा. म्हणा, ‘काका, यातली कुठली बिलं नाकारायची ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही, जरा खुणा करा.’ ते करतील, पेन्सिलीने, समासात कारणही लिहून. मग एका ज्युनियरला त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसवा, यादी स्क्रीनवर उघडा आणि माउस काकांच्या बाजूला ठेवा. पहिल्या महिन्यात त्यांनी त्याला हात लावला नाही तरी बोलू नका. दुसऱ्या महिन्यात ज्युनियर चुकीच्या ओळीवर गेली की ते स्वतःच पुढे सरकून माउस ओढून घेतील.